एक संगणक, तीन पडदे



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक वडीलधाऱ्या मंडळींचा हात रेडिओ बंद करण्याकडे गेला असेल, अशी मला शंका आहे. मुलांचे खेळ, त्यांसाठीं घेतलेला संगणक आणि त्या संगणकाला जोडलेले एक सोडून तीन तीन पडदे. ह्यांत प्रपंची माणसानें ऐकण्यासारखें काय आहे, असें त्यांस वाटणें साहजिक आहे. परंतु ज्या घरांत असा संगणक आहे त्या घरांत तो बिघडला म्हणजे केवळ मुलाचा खेळ बंद पडत नाहीं. त्याचा अभ्यास अडतो, वडिलांचीं बँकेचीं कामें अडतात आणि दुकानदाराच्या हातीं किती रुपये ठेवावयाचे हा प्रश्न साऱ्या घरापुढें येऊन उभा राहतो. गेल्या चैत्रांत माझ्या धाकट्या बहिणीच्या घरीं हाच प्रश्न उभा राहिला होता. ती हकीकत सांगावी, आणि तिच्या ओघांत ह्या यंत्राची रचना जेवढी समजणें अवश्य आहे तेवढी समजावून द्यावी, असा माझा बेत आहे.

माझा भाचा पुण्यास इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षांत शिकतो. २०२१ सालीं त्याच्या वडिलांनीं त्यास एक संगणक जुळवून दिला. त्यांत चित्रांसाठीं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसविलेलें आहे. मेजावर मॉनिटर तीन. मधला चांगला, सेकंदाला १४४ वेळां चित्र बदलणारा. डावा आणि उजवा हे घरांतलेच जुने, सेकंदाला ६० वेळां बदलणारे. मधल्यावर तो खेळ खेळतो व यंत्रांचे आराखडे काढतो, डाव्यावर कॉलेजचीं व्याख्यानें चालतात, उजव्यावर मित्रांशीं गप्पा. फाल्गुनांत संगणकाचा पंखा घरघर करूं लागला म्हणून ती पेटी एका दुकानीं साफ करण्यास दिली. दुकानचा मनुष्य ती परत घेऊन आला, त्यानें केबली जोडल्या, तीनही पडदे उजळले, आणि तो पैसे घेऊन गेला. रात्रीं मुलानें खेळ लावला तों तो चिखलांत रुतलेल्या गाडीसारखा चालूं लागला. पूर्वीं सेकंदाला शंभरावर चित्रें निघत, तेथें आतां बावीस-तेवीस निघूं लागलीं. दुकानदारास विचारतां त्यानें कार्ड 'गेलें' असें सांगितलें आणि नव्या कार्डाचा २८,००० रुपयांचा अंदाज लिहून दिला.

माझ्या मेहुण्यांच्या घराची गच्ची दोन पावसाळे गळत होती. तिच्या दुरुस्तीसाठीं बाजूला ठेवलेली रक्कम जवळजवळ तेवढीच होती. मेहुणे मुलाला म्हणाले, "रात्र रात्र खेळून तूंच तें जाळलेंस." मुलानें उत्तर दिलें नाहीं, पण त्या दिवसापासून तो वडिलांबरोबर जेवावयास बसेना. बहिणीनें मला फोन केला. म्हणाली, "दादा, एकदां येऊन पाहून जा. कार्ड जळलें असेल तर असो. पण ह्यानें जाळलें कीं नाहीं, तेवढें मला सांग."

आतां थोडें यंत्राविषयीं. संगणकाच्या पडद्यावर जें जें दिसतें तें आंत कोणीतरी क्षणोक्षणीं रेखाटीत असतें. हें काम करणाऱ्या भागास जीपीयू म्हणतात. पूर्वीं हा भाग एक तर मदरबोर्डवर असे किंवा वेगळ्या कार्डावर असे. २०१० च्या आरंभीं इंटेल कंपनीनें तो प्रोसेसरच्याच वेष्टनांत आणून बसविला. २०११ सालीं तर तो आणि प्रोसेसर एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरला, आणि त्याच वर्षीं एएमडी कंपनीनेंहि तशा जातीचे प्रोसेसर बाजारांत आणले. ह्यासच अंगभूत ग्राफिक्स असें म्हणतात. हें स्वभावानें गरीब आहे. साधारणतः त्याला स्वतःची मेमरी नसते. संगणकाच्या मुख्य मेमरींतला कांहीं भाग तें उसना घेतें व त्यावर गुजराण करतें. स्वतंत्र कार्डाचा थाट निराळा. त्याची मेमरी स्वतःची आणि वेगवान, पंखे स्वतःचे, आणि बहुधा विजेची तारहि वेगळी. भाच्याच्या पेटींत असे दोन चित्रकार होते.

दोन चित्रकार आहेत म्हणजे काम दुप्पट होईल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. २०१५ सालीं आलेल्या डायरेक्टएक्स १२ ह्या व्यवस्थेंत खेळ लिहिणारानें मनावर घेतल्यास दोन निराळ्या जातींचे जीपीयू एकाच खेळाला जुंपतां येतात. २०१६ सालचा 'अॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' हा खेळ तसा लिहिलेला होता. पण त्या वाटेनें फारच थोडे गेले. सामान्यतः एक खेळ एकच चित्रकार काढतो, आणि खरा प्रश्न एवढाच असतो कीं, चित्र काढतो कोण आणि पडद्यावर तें दाखवितो कोण. हीं दोन कामें निरनिराळ्या हातांत असूं शकतात. घोटाळ्याचें मूळ बहुतेक वेळां येथेंच सांपडतें.

रेडिओवरून आकृति काढून दाखवितां येत नाहीं, तेव्हां श्रोत्यांनीं पेटीची पाठ डोळ्यांपुढें आणावी. पेटी उभी आहे. वरच्या बाजूस जेथें कीबोर्ड, माउस व इंटरनेटची तार खोंचलेली असते, तेथेंच एक-दोन पोर्ट मॉनिटरसाठीं असतात. ते मदरबोर्डाचे, म्हणजे अंगभूत ग्राफिक्सचे. त्यांच्या खालीं, आडव्या पट्टीवर, एका ओळींत जे पोर्ट दिसतात ते स्वतंत्र कार्डाचे. दोन्हीकडचे पोर्ट दिसावयास हुबेहूब सारखे असतात. एचडीएमआयची केबल वर जितकी सहज बसते तितकीच खालीं बसते. केबल बसली आणि पडदा उजळला कीं जोडणाराचें समाधान होतें.

मी भाच्याच्या घरीं गेलों तेव्हां मेज भिंतीला लावलेलें होतें. आम्ही तें दोघांनीं ओढलें, आणि मीं बॅटरी धरून एकेक केबल बोटानें चाचपीत तिचें दुसरें टोंक शोधिलें. मधल्या मॉनिटरची डिस्प्लेपोर्टची केबल वर मदरबोर्डांत होती. डाव्याची एचडीएमआयहि वरच. कार्डाला एकटा उजवा, जुना, गप्पांचा मॉनिटर जोडलेला. मुलगा एकदम म्हणाला, "मामा, पूर्वीं उलट होतं! मधला आणि डावा कार्डाला, उजवा वरती." आणि तो केबल उपटावयास धांवला. मीं त्याचा हात धरला. घाईनें दुरुस्त केलेल्या यंत्राचा रोग काय होता तें कोणासच कळत नाहीं. आणि येथें तर मुलावर आरोप होता, तेव्हां पुरावा आधीं पाहणें अवश्य होतें.

तो पुरावा विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें मिळतो. ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीपासून प्रत्येक जीपीयू किती राबत आहे आणि कोणता कार्यक्रम कोणत्या जीपीयूवर चालला आहे, हें तेथें दिसतें. खेळ चालू ठेवून आम्ही तें पान डाव्या पडद्यावर उघडलें. अंगभूत ग्राफिक्स शेंकडा ९८ राबत होतें. कार्ड शेंकडा दोन. मेहुणे पाठीमागें उभे होते. त्यांना मीं तो आंकडा दाखविला. कार्ड जळलेलें नव्हतें, त्याला कोणीं काम सांगितलें नव्हतें.

असें कां व्हावें? खेळ सुरू होतांना विंडोजला विचारतो कीं, येथें चित्रकार कोण कोण आहेत? विंडोज यादी देते, आणि सामान्यतः मुख्य पडदा ज्याच्या ताब्यांत असतो त्याचें नांव यादींत पहिलें येतें. पुष्कळसे खेळ पहिलें नांव घेऊन मोकळे होतात. मधला मॉनिटर हा मुख्य पडदा. तो मदरबोर्डाला जोडलेला. म्हणून सारा भार त्या गरीब अंगभूत ग्राफिक्सवर पडला.

ह्यावर केबल न हलवितां एक उपाय आहे, आणि तो आम्ही मुद्दाम आधीं करून पाहिला. विंडोजच्या सेटिंग्जमध्यें सिस्टिम, त्यांत डिस्प्ले, त्यांत ग्राफिक्स असें एक पान २०१८ सालापासून आहे. तेथें अमुक कार्यक्रम अमुक जीपीयूवरच चालवावा, अशी आज्ञा लिहून ठेवतां येते. खेळाचें नांव निवडून आम्ही 'हाय परफॉर्मन्स' असें ठरविलें व खेळ पुन्हां सुरू केला. बाविसांवरून आंकडा ऐंशींच्या घरांत गेला. भाचा हर्षानें ओरडला, "मामा, झालं!" परंतु जरा खेळून पाहतांच तो स्वतःच म्हणूं लागला कीं, माउस हलविल्यावर चित्र किंचित् मागून येतें आणि मधूनमधून आचका बसतो. त्याचें म्हणणें बरोबर होतें.

बहिणीला हें समजेना. ऐंशीं चित्रें निघतात तर आचका कशाचा? तिला मीं लग्नघराचें उदाहरण दिलें. परसांत आचारी बसविला आहे आणि पंगत माजघरांत आहे. परसाचें दार सरळ पंगतीकडे उघडत असेल तर जिलबीची परात थेट पानांवर जाते. पण तें दार बंद असून प्रत्येक परात आधीं स्वयंपाकघरांत नेऊन घरच्या बाईच्या हातीं द्यावयाची आणि मग तिनें ती पंगतींत आणावयाची, असें ठरलें तर आचाऱ्याचा हात कितीहि चलाख असो, पंगत खोळंबणारच. कार्डानें काढलेलें प्रत्येक चित्र मुख्य मेमरींत उतरवून अंगभूत ग्राफिक्सच्या स्वाधीन करावें लागत होतें, कारण मधल्या पडद्याचें दार त्याच्याकडे होतें. ह्या वाहतुकीचा अंदाज करणें कठीण नाहीं. मधल्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदु आहेत, म्हणजे एका चित्रांत २०,७३,६०० बिंदु. एका बिंदूस चार बाइट धरले तर एक चित्र सुमारें ८३ लाख बाइटांचें होतें, आणि अशीं १४४ चित्रें सेकंदांत न्यावयाचीं म्हटलीं तर ११९ कोटि बाइट होतात. कार्ड व प्रोसेसर ह्यांमधील रस्ता हें ओझें वाहूं शकत नाहीं असें नव्हे. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या सोळा पदरी रस्त्यावरून एका दिशेनें सेकंदाला सुमारें १,५७५ कोटि बाइट जाऊं शकतात. अडचण आहे ती प्रत्येक चित्रामागें थांबण्याची, आणि ज्या मेमरीवर प्रोसेसर व अंगभूत ग्राफिक्स दोघेहि जगतात तिच्यावर आणखी गर्दी करण्याची. मेमरीची एकच पट्टी बसविलेली असेल तर ही गर्दी अधिकच जाणवते.

लॅपटॉपवाल्या श्रोत्यांस येथें एक शंका येईल. पुष्कळ लॅपटॉपांत ही आडवाटच राजमार्ग केलेली आहे; २०१० सालीं एनव्हिडिया कंपनीनें ऑप्टिमस नांवाची जी योजना काढली तिच्यांत चित्र कार्डानें काढावयाचें आणि अंगभूत ग्राफिक्सनें दाखवावयाचें अशीच रचना होती. बॅटरी वांचावी हा तिचा हेतु. मेजावरच्या संगणकास भिंतीतून वीज मिळते. त्यानें ती काटकसर कां करावी?

मग आम्ही संगणक रीतसर बंद केला आणि केबली हलविल्या. मधल्याची डिस्प्लेपोर्ट व डाव्याची एचडीएमआय खालीं कार्डांत, उजव्याची वर मदरबोर्डांत. पुन्हां सुरू केल्यावर एक लहानसें विघ्न आलें, तें सांगून ठेवतों, कारण येथें पुष्कळ जण फसतात. मॉनिटर निराळ्या पोर्टला लावला म्हणजे विंडोज त्याला नवा पाहुणा समजून कधीं कधीं सेकंदाला ६० ह्याच गतीनें चालविते. मधला मॉनिटर १४४ चा असून ६० वर बसला होता. डिस्प्लेच्या पानाखालीं 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले' म्हणून जें पान आहे तेथें ही गति बदलतां येते. त्याच पानावर निवडलेला मॉनिटर कोणत्या जीपीयूला जोडलेला आहे हें नांवानिशीं लिहिलेलें असतें. ज्यांस मेज ओढण्याचे श्रम नको असतील त्यांनीं निदान तेवढी ओळ वाचावी. आम्ही गति १४४ केली आणि खेळ लावला. आंकडा शंभराच्या वर गेला आणि तेथें स्थिर राहिला. मेहुणे कांहीं बोलले नाहींत. रात्रीं पानें मांडलीं तेव्हां मात्र त्यांनीं मुलाच्या खोलीच्या दाराशीं जाऊन, "चल जेवायला," एवढें म्हटलें.

दुकानदारानें आणखी एक सल्ला दिला होता : दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र नांदत नाहींत, एक काढून टाका. हा सल्ला लबाडीचा नव्हे, जुना आहे. जानेवारी २००७ मध्यें विंडोज व्हिस्टा आली तेव्हां तिच्या नव्या चित्रव्यवस्थेंत दोन निरनिराळ्या ड्रायव्हरांवर चालणारे जीपीयू एकत्र राबवितां येत नसत, हें खरें. पण ऑक्टोबर २००९ मधल्या विंडोज ७ नें ती अट उठविली. अट गेली तरी सल्ला तोंडातोंडीं चालत राहिला. आज दोन्ही ड्रायव्हर असलेच पाहिजेत. एक काढला तर त्याच्या ताब्यांतला पडदा एक तर मंद, ओबडधोबड चालेल किंवा अंधारांत जाईल. ड्रायव्हर खरोखरच बिघडला असा संशय आला तर त्याच कंपनीचा नवा ड्रायव्हर स्वच्छ बसवावा.

मदरबोर्डाच्या पोर्टला लावलेला पडदा मुळींच उजळत नाहीं, अशी तक्रारहि वारंवार ऐकूं येते. तेथें प्रथम प्रोसेसरचें नांव वाचावें. इंटेलच्या नांवाअखेर 'एफ' हें अक्षर असेल, आणि अशा जातीचे प्रोसेसर २०१९ पासून निघत आहेत, तर त्यांत अंगभूत ग्राफिक्स चालूच नसतें. मदरबोर्डाचे ते पोर्ट केवळ शोभेचे. एएमडीच्या रायझेन मालिकेंत २०२२ पूर्वीं मेजावरच्या ज्या प्रोसेसरांपुढें 'जी' अक्षर होतें त्यांतच तें असे. सप्टेंबर २०२२ च्या ७००० मालिकेपासून लहानसें ग्राफिक्स बहुतेकांत आलें. प्रोसेसर योग्य असूनहि पडदा काळाच असेल तर दोष बायोसमध्यें शोधावा. कित्येक मदरबोर्ड स्वतंत्र कार्ड दिसलें कीं अंगभूत ग्राफिक्स आपण होऊन झोपवितात. त्यास जागें ठेवण्याची एक सोय बायोसमध्यें असते. कांहीं बोर्डांवर तिचें नांव 'आयजीपीयू मल्टि-मॉनिटर' असें आहे.

माझें स्वतःचें मत विचाराल तर कार्डावर पोर्ट मोकळा असतांना मदरबोर्डाच्या वाटेला जाऊंच नये. भाच्याच्या कार्डावर एक डीव्हीआय पोर्ट रिकामा आहे, आणि डीव्हीआयला एचडीएमआयशीं जोडणारी साधी केबल थोडक्या पैशांत मिळते. मात्र डिस्प्लेपोर्टपासून एचडीएमआयकडे जाणारी स्वस्त केबल एकमार्गी असते. कार्डाकडे डिस्प्लेपोर्ट व मॉनिटरकडे एचडीएमआय असें असेल तरच ती चालते, उलट लावल्यास नाहीं. भाच्याला माझें मत मान्य नाहीं. त्याचें म्हणणें, इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्यें व्हिडिओ घडविण्याची जी क्विक सिंक नांवाची सोय २०११ पासून आहे तिच्यावर तो व्याख्यानें नोंदवून ठेवतो, आणि तेवढ्यानें कार्ड खेळाला मोकळें राहतें. तेव्हां अंगभूत ग्राफिक्स जागें ठेवावयाचेंच आहे तर उजवा पडदा तिकडेच असूं द्यावा. ह्यांत तथ्य आहे, म्हणून मीं आग्रह धरला नाहीं.

वैशाखांत सारें घर गांवीं गेलें होतें. जातांना मेहुण्यांनीं सगळीं बटणें बंद केलीं, संगणकाची तारहि काढून ठेविली. तीन आठवड्यांनीं परत येऊन पाहतात तों मधला व डावा पडदा ठीक, पण उजवा काळा. ह्या वेळीं मला फोन आला तो काम झाल्यावर. मुलानें आधीं केबली पाहिल्या; त्या जागच्या जागीं होत्या. मग त्याच्या लक्षांत आलें कीं, पडद्याच्या कोपऱ्यांतलें घड्याळ भलतीच तारीख दाखवीत आहे. मदरबोर्डावर बायोसची आठवण जागती ठेवणारी नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२, तीन व्होल्टांची. २०२१ पासूनची ती बॅटरी, वीज बंद असतांना पुरी संपली होती, आणि बायोस आपल्या सर्व आज्ञा विसरून मूळ पदावर गेला होता. अंगभूत ग्राफिक्स पुन्हां झोपलें होतें. मुलानें तार काढून नवी बॅटरी बसविली, सुरू होतांना डिलीट ची कळ दाबून बायोसमध्यें प्रवेश केला, ती सोय चालू केली, घड्याळ लाविलें. दुकानदारास ह्यांतलें कांहीं कळविण्याची गरज पडली नाहीं.

गच्चीचें काम ज्येष्ठांत पहिल्या पावसाच्या आधीं झालें. साफसफाई आतां भाचा घरींच ब्रशानें करतो. केबली पुन्हां चुकूं नयेत म्हणून त्यानें त्यांना रंगीत दोरे बांधले आहेत. कार्डाच्या दोहोंना तांबडे, मदरबोर्डाच्या एकीला पांढरा. दोरे त्याच्या आईच्या शिवणाच्या डब्यांतले आहेत, आणि तांबडें रीळ परत जागेवर ठेविलें नाहीं म्हणून तिची तक्रार अजून चालू आहे.